बॅक बेचा भराव : एक जमाखर्च

गोदातीरींच्या नांदेडचा अथवा मांजरेच्या खोऱ्यांतील लातूरचा मनुष्य हातीं अर्ज घेऊन मुंबईस जातो, तेव्हां तो समुद्र पाहण्यास जात नाहीं. रात्रीच्या गाडीनें निघावें, सकाळीं जुने लोक ज्याला अजून बोरीबंदर म्हणतात तेथें उतरावें, ओळखीच्या कोणा आमदाराच्या खोलींत तोंड धुवावें आणि दुपारीं मंत्रालयाच्या दारांत रांगेंत उभें राहावें, हा त्याचा ठरलेला क्रम. ज्या जमिनीवर ती रांग असते, ती शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं जमीनच नव्हती, तेथें भरतीचें पाणी खेळत होतें, ही गोष्ट त्याच्या गांवींही नसते. आम्हीही पुष्कळ वर्षें त्याच रांगेंतले होतों. महाविद्यालयाच्या कामानिमित्त एकदां तेथें तीन तास रिकामे मिळाले, म्हणून समुद्राच्या भिंतीवर जाऊन बसलों. आणि इतिहासाच्या शिक्षकास सहसा न सुचणारा एक प्रश्न मनांत आला : ही जागा कोणाच्या पैशानें झाली? राजे, लढाया व तह यांच्या तारखा आम्ही विद्यार्थ्यांकडून पाठ करवून घेतों. जमाखर्चाच्या वह्या उघडण्याची संवय आमच्या पेशास कमीच. पुढें जें वाचावयास मिळालें त्यावरून असें दिसलें कीं, या वहींत एक रकम आपल्या मराठवाड्याचीही आहे, आणि ती आपण कधीं मोजली नाहीं.

मुंबईच्या सात बेटांची कथा वाचकांस शाळेपासून ठाऊक आहे. १६६१ च्या विवाहतहानें पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाकडे आणि १६६८ सालीं वर्षाकांठीं दहा पौंड खंडानें कंपनीकडे आलेलीं हीं बेटें अठराव्या शतकाच्या अखेरीपासून बांध घालून जोडलीं जाऊं लागलीं. हॉर्नबीचा वरळीचा बांध, शीवचा बांध, १८३८ चा कुलाब्याचा, १८४५ चा माहीमचा, हीं सर्व कामें गरजेपोटीं झालीं. भरतीचें पाणी आंत शिरे, खाजणें होत, वाट तुटे, म्हणून बांध. बॅक बेची गोष्ट निराळी आहे. मलबार टेकडीचें टोंक आणि कुलाब्याचा दांडा यांच्यामधला तो अर्धचंद्राकार उपसागर कोणाच्याही वाटेंत आडवा नव्हता. त्यावर माणसाची दृष्टि गेली ती गरजेमुळें नव्हे, भावामुळें. आणि तो भाव पहिल्या प्रथम कापसाचा होता.

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या. वऱ्हाड, खानदेश, गुजराथ येथील कापसाचे भाव कल्पनेबाहेर चढले. (वऱ्हाड प्रांत तेव्हां नांवानें निजामाचा व कारभारानें इंग्रजांचा, १८५३ च्या तहानें तो कर्जापोटीं लिहून घेण्यांत आला होता, हें आम्हां निजामी मुलखांतल्या लोकांस विसरतां येत नाहीं.) मुंबईंत पैसा इतका सांचला कीं तो गुंतवावयास जागा उरली नाहीं, तेव्हां समुद्र भरून जागाच निर्माण करण्याच्या कंपन्या निघाल्या. त्यांतली सर्वांत गाजलेली ती बॅक बे रेक्लमेशन कंपनी. प्रेमचंद रायचंद हे या साऱ्या खेळाचे सूत्रधार. १८६३ सालीं गोविंद नारायण माडगांवकर यांचें 'मुंबईचें वर्णन' प्रसिद्ध झालें, तेव्हां ज्या जागीं लाटा होत्या, त्या जागेचे भाग लवकरच मूळ किंमतीच्या कित्येक पटींनीं विकले जाऊं लागले. सर दिनशा वाच्छा यांनीं या काळावर १९१० सालीं एक पुस्तक लिहिलें आहे; तें वाचतांना आपण इतिहास वाचतों आहों कीं प्रहसन, असा संशय येतो. १८६५ च्या एप्रिलांत अमेरिकेंतल्या युद्धाचा शेवट झाला. त्याच वर्षीं १ जुलै हा वायद्याच्या सौद्यांच्या फेडीचा दिवस होता. त्या दिवशीं मुंबईचा बाजार कोसळला. कंपनी बुडाली, पाठोपाठ बँक ऑफ बाँबेही बुडाली. उपसागराच्या कडेला भरावाची एक अरुंद पट्टी तेवढी मागें राहिली, आणि तिच्यावरून बी. बी. सी. आय. रेल्वेचे रूळ कुलाब्यापर्यंत गेले. चर्चगेटहून पुढें कुलाब्यास जाणारी ती गाडी १९३० च्या अखेरीस बंद झाली.

प्रेमचंदांनीं भरभराटीच्या दिवसांत विद्यापीठास दिलेल्या देणगींतून राजाबाई मनोरा उभा राहिला. तो १८७८ सालीं पुरा झाला तेव्हां त्याच्या पश्चिमेस मैदान, रुळांची पट्टी आणि समुद्र एवढेंच होतें. आज त्या मनोऱ्याच्या आणि समुद्राच्या मध्यें दोन-तीन पिढ्यांच्या इमारती उभ्या आहेत.

यानंतर जवळजवळ पन्नास वर्षें बॅक बेचें स्वप्न कागदावरच राहिलें. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ सालीं स्थापन झालेल्या सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टनें कुलाब्याच्या पश्चिम कडेस थोडी जागा भरून कफ परेडचा रस्ता केला. पोर्ट ट्रस्टनें पूर्वेच्या अंगास माझगांव-शिवडीकडे सुमारें ५८३ एकर जागा भरून काढली, आणि अलेक्झांड्रा गोदी खणतांना निघालेल्या मातीनें बॅलार्ड इस्टेट उठविली. या कामांविषयीं कोणी पोवाडे गायिले नाहींत, कारण तीं ठरल्याप्रमाणें झालीं. शिवडीच्या भरावावर पुढें कापसाच्या वखारी आल्या. वाचकांनीं त्या वखारी लक्षांत ठेवाव्या. त्यांच्याकडे परत यावयाचें आहे.

सर जॉर्ज लॉइड १९१८ च्या अखेरीस मुंबईचे गव्हर्नर झाले. पहिलें महायुद्ध नुकतेंच संपलें होतें. गिरण्यांस भरमसाट नफा, शहरांत माणसांची खेंचाखेंच, घरभाड्यांची ओरड आणि जमिनीचे भाव पुन्हां आकाशास भिडलेले. अशा वेळीं अधिकारावर धडाडीचा मनुष्य असणें हें कधीं कधीं दुर्दैवच ठरतें. १९२० सालीं डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे लोकांच्या तोंडचें 'बी. डी. डी.', स्थापन झालें. त्याच्याकडे मुख्यतः दोन कामें होतीं : कामकऱ्यांसाठीं चाळी बांधणें आणि बॅक बे भरणें. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांप्रमाणें नवें कायदेमंडळ १९२१ सालीं बसावयाचें होतें. त्याच्या आधींच या उद्योगाचा पाया घातला गेला. सर जॉर्ज बुकॅनन हे सल्लागार इंजिनियर. चौपाटीपासून कुलाब्यापर्यंत समुद्रांत दगडी भिंत घालावयाची, तिच्या आंतल्या पाण्याचे आठ तुकडे पाडावयाचे, आणि बंदराच्या तळचा गाळ उपसून नळांवाटे त्या तुकड्यांत सोडावयाचा, अशी योजना होती. हातीं यावयाची जमीन ११४५ एकर.

कागदावर हें सारें चोख होतें. दगड कांदिवलीच्या टेकडीचा. तो रेल्वेनें यावयाचा. गाळ उपसण्यासाठीं विलायतेहून एक मोठें ड्रेजर आणलें होतें. त्यास नांवही गव्हर्नरसाहेबांचेंच दिलें होतें. कुलाब्याच्या पूर्वेस बंदरांत तें यंत्र तळ कापी. कापलेला गाळ पाण्यांत कालवून लांबच लांब नळांतून कुलाब्याचा दांडा ओलांडी आणि पश्चिमेस बॅक बेंत येऊन पडे. परंतु यंत्र अपेक्षेच्या मानानें फारच कमी गाळ देऊं लागलें. आणि जो येई त्यांतलाही कांहीं भाग भिंतीच्या दगडांमधील फटींतून ओहोटीबरोबर परत समुद्रास मिळे. शेतकऱ्याच्या भाषेंत सांगावयाचें तर मोट फुटकी आणि पाटालाही भोंक. आमच्याकडे मातीचा बांध घालतांना गर्भांत काळी माती ठोकून बसवितात आणि बाहेरून मुरूम देतात, तें उगीच नव्हे. पाणी फट शोधीत असतें आणि गाळ पाण्याच्या मागें जातो, हें खेड्यांतल्या वडारासही ठाऊक असतें.

इकडे खर्चाचे अंदाज एकामागून एक फुगत गेले; आणि जी जमीन विकून तो खर्च निघावयाचा होता तिचा भाव, युद्धानंतरची तेजी ओसरतांच, उतरत गेला. १८६५ चा धडा शहर साठ वर्षांत विसरलें होतें. फरक एवढाच कीं, त्या वेळीं बुडाले ते हौसेनें आलेले भागीदार होते. या वेळीं कर्ज सरकारी होतें, म्हणजे ज्यांस कोणीं विचारलेंही नव्हतें त्यांचें होतें.

येथें खुर्शेद फ्रामजी नरिमन यांचा प्रवेश होतो. हे वकील, काँग्रेसचे कार्यकर्ते आणि मुंबई कायदेमंडळाचे सभासद. त्यांनीं जें केलें त्यांत दिपवणारें असें कांहीं नव्हतें. प्रश्न विचारावा, उत्तर पदरांत पडलें कीं त्यांतल्या आंकड्यांचा मागच्या उत्तराशीं मेळ घालून पाहावा, मेळ बसला नाहीं कीं पुन्हां प्रश्न विचारावा. हें काम कंटाळवाणें असतें. सभेंत टाळ्या मिळवून देणारें नसतें. तरीही आमच्या मतें विसाव्या शतकांतील मुंबईच्या सार्वजनिक जीवनांत याच्या तोडीचीं कामें थोडींच झालीं. योजनेस 'लॉइडचा खुळेपणा' असें नांव पडलें तें या आंकड्यांच्या जोरावर. शेवटीं १९२६ सालीं अलाहाबाद हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर ग्रिमवुड मीअर्स यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिति बसली, सर एम. विश्वेश्वरय्या हे तिच्या सभासदांपैकीं एक होते. पुढें योजना आटोपती घेण्यांत आली. आठांपैकीं उत्तरेकडचे दोन आणि दक्षिणेकडचे दोन तुकडे पुरे करावयाचे, मधले चार सोडून द्यावयाचे, असें ठरलें. ११४५ एकरांच्या जागीं सुमारें ४४० एकर जमीन हातीं आली. दरम्यान हार्वे नांवाच्या एका अधिकाऱ्यानें नरिमन यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. खटला फार गाजला, आणि नरिमन त्यांतून निर्दोष सुटले. हिंदी मनुष्यानें इंग्रज अधिकाऱ्याच्या कारभारावर बोट ठेवावें आणि कोर्टांत तें बोट स्थिर राहावें, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. १९३५ सालीं ते मुंबईचे मेयर झाले. १९३७ सालीं प्रांताची मुख्य प्रधानकी त्यांच्याकडे न येतां बाळासाहेब खेरांकडे गेली, आणि तें शल्य घेऊन १९४८ सालीं ते वारले. तो निराळा विषय आहे.

आतां कापसाच्या वखारींकडे वळूं. बी. डी. डी. च्या चाळींस पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न निघाला तेव्हां मुंबईंत येणाऱ्या कच्च्या कापसाच्या दर गासडीवर एक रुपया कर बसविण्यांत आला. कर भरणारा व्यापारी. परंतु व्यापारी असा कर आपल्या पदरचा भरीत नाहीं, हें अर्थशास्त्र न शिकलेल्या शेतकऱ्यासही कळतें. आणि गासड्या कोठून येत? ज्या मुलखांतून येत त्यांत आमचा मुलूखही होता. नांदेड-परभणीकडचा गावरानी कापूस त्याच्या चांगल्या धाग्यासाठीं त्या काळीं गिरण्यांत नांवाजलेला होता. १९०० सालीं हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद अशी मनमाडास जाऊन मिळाली, आणि राजधानी हैदराबाद असूनही आमच्या बाजारपेठेचें तोंड मुंबईकडे वळलें. हे रूळ मीटरगेजचे. म्हणून मनमाडास गासडी एका डब्यांतून उतरवून दुसऱ्या डब्यांत चढवावी लागे. लातुरास १९११ सालीं बार्शी लाइट रेल्वे आली. तिचे रूळ त्याहूनही अरुंद, अडीच फुटांचे. तेथला माल कुर्डुवाडीस असाच बदलावा लागे. वाटेंत ही हमाली, आणि मुंबईच्या वेशीवर तो रुपया. मुंबईच्या करदात्यांची बाजू मांडण्यास कायदेमंडळांत नरिमन होते. निजामाच्या प्रजेस त्या सभागृहांत तोंडच नव्हतें.

या खात्यानें वरळी, नायगांव, डिलाइल रोड आणि शिवडी येथें मिळून २०७ चाळी बांधल्या. एकेका चाळींत ऐशीं खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. बांधणी काँक्रीटची, आंत उजेडवारा बेताचाच. कायदेभंगाच्या चळवळींत वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग करण्यांत आला होता. घराचा तुरुंग इतक्या सहज होतो यावरून त्या घराची कल्पना यावी. तरीसुद्धां न्यायानें बोलावयाचें तर, ज्यांच्या नांवानें त्या चाळी बांधल्या त्यांच्याच त्या उपयोगीं पडल्या. कोंकणांतून व घाटावरून आलेल्या कामकऱ्यांच्या तीन-चार पिढ्या तेथें वाढल्या. आज त्या पाडून त्यांच्या जागीं उंच इमारती उभारण्याचें काम चाललें आहे. बॅक बेच्या जमिनीविषयीं असें म्हणतां येत नाहीं. शहराची दाटी कमी करावयाची म्हणून ती भरली. पण दाटींत राहणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांस तेथें घर मिळालें.

कारण कुलाब्याकडची, म्हणजे एकूण भरावापैकीं निम्म्याहून अधिक, जमीन लष्कराकडे गेली. उत्तरेकडच्या तुकड्यांवर मरीन ड्राइव्हचा रस्ता आला, १९३७ सालीं ब्रेबोर्न क्रीडांगण उघडलें, आणि १९३० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत गोलाकार गच्च्यांच्या, एका उंचीच्या इमारतींची ती प्रसिद्ध रांग उभी राहिली. या इमारती सुंदर आहेत, हें कबूल न करणें कद्रूपणाचें होईल. त्यांतल्या पुष्कळशा हिंदी वास्तुशिल्पकारांनीं रचल्या, आणि २०१८ सालीं युनेस्कोनें त्यांस ओव्हल मैदानाभोंवतींच्या जुन्या इमारतींसह जागतिक वारशांत स्थान दिलें. परंतु आम्हांस विचाराल तर या सर्व उठाठेवींतली खरी सार्वजनिक मिळकत म्हणजे ती समुद्राची भिंत. संध्याकाळीं कोणीही गरीब मनुष्य बायकामुलांसह तेथें येऊन भाडें न देतां बसतो. योजनेच्या कर्त्यांनीं एकराचा भाव बांधला होता. या बसण्याचा भाव त्यांच्या अंदाजपत्रकांत कोठें नव्हता.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवट संपली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत मराठवाड्याचे पांच जिल्हे मुंबई राज्यांत आले. त्याच्या आदल्याच वर्षीं, १९५५ सालीं, सरकारी कचेऱ्यांची नवी इमारत, तेव्हांचें सचिवालय, बॅक बेच्या भरावावर सुरू झाली होती. पुढें १९८१ सालीं शेजारींच विधानभवन आलें. अशा रीतीनें ज्या खात्यास आमच्या आजोबांच्या गासडीनें रुपया दिला, त्याच खात्यानें समुद्रांतून काढलेल्या जमिनीवर आमची राजधानी आली. नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांनीं राज्यास चार मुख्यमंत्री दिले : शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोकराव चव्हाण. शंकरराव पाटबंधारे खातें सांभाळीत असतांना जायकवाडीच्या कामास हात लागला. १९६५ सालीं लालबहादूर शास्त्री यांच्या हस्तें पायाभरणी झाली आणि १९७६ सालीं इंदिरा गांधी यांच्या हस्तें उद्घाटन. पैठणच्या नाथसागराखालीं शंभरावर गांवें गेलीं. पाणी हटवून केलेल्या जमिनीवर बसलेल्या सरकारनें गोदेकांठची काळी जमीन पाण्याखालीं घालण्याचा निर्णय घेतला, हा योगायोग आमच्या विद्यार्थ्यांस सांगितला कीं ते हंसतात. त्या निर्णयानें खालच्या अंगाच्या शेतांस पाणी मिळालें, हें खरें. आणि उठलेल्या गांवांचे अर्ज पुढें वर्षानुवर्षें त्याच भरावावर येत राहिले, हेंही तितकेंच खरें.

सोडून दिलेल्या मधल्या तुकड्यांकडे सरकारचें लक्ष १९६० नंतर पुन्हां गेलें. नरिमन पॉइंटचे आणि कफ परेडचे उंच मजले हें त्याचें फळ. नेमक्या त्याच सुमारास, १९६५ सालीं, चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनीं 'मार्ग' या नियतकालिकांत असें मांडलें कीं, शहराच्या दक्षिण टोंकावर आणखी भार घालण्याऐवजीं खाडीपलीकडे नवें शहर वसवावें. सरकारनें तें मानलें आणि १९७० सालीं सिडको स्थापन केली. परंतु भरावही चालूच ठेवला. दोन परस्परविरुद्ध औषधें एकाच रोग्यास देण्याचा हा प्रकार. भरावावरचे भूखंड जाहीर लिलांव न करतां दिले गेले, ही तक्रार घेऊन १९७४ सालीं पिलू मोदी प्रभृति मंडळी मुंबई उच्च न्यायालयांत गेली. म्हणजे पन्नास वर्षांनीं, स्वराज्यांत, पुन्हां तोच वाद उभा राहिला कीं जमीन लोकांची असली तर तिचा भाव कोणीं आणि कोणासमोर ठरवावा. पुढें भराव थांबला, आणि १९९१ च्या किनारपट्टीविषयक नियमांनीं त्यास आणखी अडसर घातला. नरिमन पॉइंट आणि कफ परेड यांच्यामध्यें नकाशावर पाण्याची जी खांच दिसते, ती त्या अर्धवट राहिलेल्या कामाची खूण. तिच्या कडेस मच्छीमार नगर आहे. ओढून ठेवलेल्या होड्या आणि वाळत घातलेलीं जाळीं यांच्यावर समोरच्या मनोऱ्यांची सावली पडते. कंपनी, ट्रस्ट, खातें, लष्कर, सरकार अशीं सर्वांचीं पानें या वहींत आहेत. ज्यांचें पाणी गेलें त्या कोळ्यांचें पान मात्र आम्हांस त्यांत आढळलें नाहीं.

मार्च २०२४ मध्यें वरळीहून मरीन ड्राइव्हकडे येणारा किनारी रस्ता खुला झाला. त्यासाठींही पश्चिमेचा समुद्र भरावा लागला. नंतर एकदां आम्ही मुंबईस गेलों तेव्हां मुदखेडकडचे एक वृद्ध शेतकरी बरोबर होते. त्यांचें कांहीं जमिनीच्या मोबदल्याचें काम होतें. दुपारच्या प्रवेशास अवकाश होता, म्हणून त्यांस समुद्र दाखवावयास घेऊन गेलों. भरती होती, भिंतीच्या पायथ्याशीं टाकलेल्या काँक्रीटच्या चौपायी ठोकळ्यांवर पाणी आपटत होतें. वाटेंत बसथांब्यावरचें नांव वाचून त्यांनीं विचारलें, "सर, हे नरिमन कोण म्हणायचे? ही जागा त्यांचीच होती काय?"

आम्हीं सांगितलें, "नाहीं काका. ही जागा भरण्याचा हिशेब मागणारे ते वकील होते."

त्यांनीं एकवार मागें वळून त्या उंच इमारतींकडे पाहिलें, मग कागदांची पिशवी कांखेंत नीट घेतली. दोन वाजावयास आले होते.